तळटीप : गिझर दोन हजार वॅटचा
१. लेखकाने इथे गिझरचे फक्त वॅट दिले आहेत. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, २६.५ ओहम, गुणलं की शक्ती, २००० वॅट. भागाकाराचा नियम जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

व्होल्टेज १८० वर उतरलं, तर त्याच कॉइलमधून ६.८ अँपिअरच जातात आणि शक्ती सव्वाबाराशे वॅटच्या आसपास येते. म्हणजे दाब पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक घटतो, उष्णता मात्र जवळजवळ चाळीस टक्के! बादलीभर पाण्याला दीडपटीहून जास्त वेळ लागतो तो यामुळे.

जुन्या पिवळ्या बल्बला हे गणित सरसकट लावू नये. शंभर वॅटच्या बल्बची तार पेटलेली असताना रोध ५२९ ओहम. थंड तारेचा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.