हजार पानांचा हिशेब

बी.कॉम. झालेल्या माणसानं बँकेत पैसे मोजावेत, स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असं आमच्या सौ.चं पूर्वीपासूनचं मत आहे. ते मी गेल्या मे महिन्यात कायमचं पक्कं करून दिलं.

झालं असं, की मुलीच्या वाढदिवसाला 'मिलफय' करायचं मी जाहीर करून बसलो. फ्रेंच भाषेत मिल म्हणजे हजार आणि फय म्हणजे पान. खुसखुशीत पापुद्र्यांच्या तीन पट्ट्या, मध्ये दोनदा कस्टर्ड, वर पिठीसाखर. बस्स!

हजार म्हटल्याबरोबर माझ्यातला कारकून जागा झाला. मैद्याच्या पोळीत लोणी गुंडाळायचं, लाटायचं, पत्राची घालतो तशी तीनपदरी घडी घालायची. गार करून पुन्हा लाटायचं. असं सहा वेळा. दर घडीला थर तिप्पट, म्हणजे चक्रवाढ व्याजच की! लोण्याच्या एका थराचे तीन, नऊ, सत्तावीस करत शेवटी होतात ७२९. हजारात २७१ ची तूट! पण पट्ट्या तीन असतात हे मागाहून ध्यानात आलं. एकूण २,१८७. म्हणजे वर १,१८७ शिल्लक. इतका चोख व्यवहार आमच्या ब्रँचलासुद्धा क्वचितच जमतो.

मग म्हटलं, या पदार्थाचं खातं उघडलं तरी कोणी? पापुद्र्यांचा शोध क्लोद लोरँ या चित्रकारानं लावला, अशी एक गोष्ट सांगतात. पण तो जन्मला १६०० च्या सुमारास, आणि असल्या पिठाच्या नोंदी त्याच्याही आधीच्या सापडतात. ला वारेनचं पाकशास्त्राचं पुस्तक १६५१ मध्ये निघालं. मिलफय हे नाव व्हँसाँ ला शापेल या आचाऱ्याच्या १७३३ सालच्या इंग्रजी पुस्तकात आढळतं. पुढे कारेम या नामांकित आचाऱ्यानं तो आणखी नीटस केला. पण पदार्थ जुना असल्याचं त्यानंही मान्य केलं. आणि अमेरिकेत, रशियात याचं नाव काय? 'नेपोलियन'! बादशहानं कधी लाटणं हातात धरलं असेल असं वाटत नाही. 'नेपल्सचा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असं बरेच जण मानतात. काम कोणाचं आणि सही कोणाची, हा प्रकार आमच्याकडे नवा नाही!

तर मे महिना. यात लोणी गार राहायला हवं. भट्टीत गेल्यावर पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पापुद्रा उचलते. आमचं लोणी दुसऱ्या घडीलाच ओट्यावरून वाहू लागलं. सौ. काही बोलली नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारीचा पुडा घेऊन आली.

"हे घ्या तुमचे फ्रान्सचे थर. कस्टर्ड मी करते."

खारी आडवी चिरली, कस्टर्ड भरलं, पिठीसाखर भुरभुरली. फक्कड झालं! मुलगी खाता खाता म्हणाली, "बाबा, आजीचे चिरोटे असेच सुटायचे ना?"

मी गप्प. फ्रान्सची तीनशे वर्षं मला पाठ, आणि आईच्या चिरोट्यांची एक ओळ ठाऊक नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही.

"मला येतात की," सौ. म्हणाली. "सासूबाईंनी शिकवलेत. तुम्ही विचारलंत कधी?"

त्याच रात्री वही काढली. वर आईचं नाव लिहिलं.

"हं, सांग. साटा."

"तूप फेसायचं, त्यात तांदळाची पिठी."

"किती?"

"अंदाजानं."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत असली एंट्री मी पास केली नव्हती. पण वहीत ती तशीच आहे. आणि खाली सही माझी नाही, सौ.ची घेतली आहे.