परवाना कोणाच्या हाती?

मराठीच्या वर्गात १८७८ हे साल येते ते देशी भाषांतील वृत्तपत्रांवर लादलेल्या कायद्यामुळे. लॉर्ड लिटनच्या राजवटीने त्याच वर्षी हत्यारांचाही कायदा केला, हे आपण सहसा शिकवत नाही. लेखणी आणि बंदूक या दोहोंची सरकारला एकाच वेळी भीती वाटली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही लहान नव्हे. पुढे रिपनने १८८२ मध्ये वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांचा कायदा मात्र स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही बरीच वर्षे तसाच राहिला.

अंबड तालुक्यातील एका परिचित बागायतदारांकडे वडिलोपार्जित परवान्याची बंदूक आहे. मोसंबीची बाग, गावापासून दूर वस्ती, रात्री रानडुकरे आणि रोही. बंदुकीचा उपयोग बहुतेक एखादा बार काढण्यापुरताच. त्यांचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे. परवाना असणारा माणूस सरकारला आधीच माहीत असतो. त्याचे नाव, पत्ता, काडतुसांचा हिशेब सारे नोंदलेले असते. गावठी कट्टा बाळगणारा कोणत्याच वहीत नसतो. तरी निवडणूक आली की ठाण्यात हत्यार जमा करण्याची नोटीस येते ती पहिल्याला. "इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं आणि आपल्या सरकारनं तेच पुढे चालवलं," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

या वाक्याच्या पूर्वार्धात तथ्य आहे. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला तलवार बाळगायलाही परवाना लागू लागला. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र सूट होती. कायदा हत्यार पाहत नव्हता, हात पाहत होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातही याच कायद्यावर कडक टीका केली होती. अहिंसेच्या उपासकाला निःशस्त्रीकरण अपमानास्पद वाटावे यात विसंगती नाही; ज्याच्या हाती शस्त्र असू शकते त्यानेच ते नाकारण्याला अर्थ असतो. पुढे १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला.

परंतु 'आपल्याला' या शब्दापाशी जालन्याच्या माणसाने थांबायला हवे. जालना, अंबड, भोकरदन हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. तो निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. लिटनचा कायदा इथला नव्हे. ज्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या सुमारे शंभर तोफा वेलस्लीच्या हाती पडल्या, ती असई याच जिल्ह्यात येते. त्यानंतर या भागात कंपनीची फौज होती, निजामाचे अरब आणि रोहिले होते, जमीनदारांचे शिपाई होते. सामान्य कुणब्याच्या हाती काय होते? त्याच्याजवळ कुऱ्हाड आणि गोफण होती. हत्यार मिळायचे ते चाकरीने किंवा मर्जीने, हक्काने नव्हे.

निजामाची हद्द आणि ब्रिटिश हद्द यांच्यातील ये-जा या काळातही चालूच होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकणारा तरुण होता. पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी. रंगभूमीवर देवलांचे 'शारदा' चालू व्हायचे होते. 'शारदा' शिकवताना हा प्रसंग सांगितला की वर्ग एकदम जागा होतो, हा स्वानुभव. एवढे खरे, की इतक्या कडक कायद्याला ही पिस्तुले अडवता आली नाहीत. आमच्या बागायतदारांचा मुद्दा इथे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेला दिसतो.

खरी कसोटी आली ती १९४८ मध्ये. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांच्या हाती बंदुका होत्या आणि त्यांच्यामागे राज्यसत्ता होती. निजामासाठी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानांतून शस्त्रे आणत होता. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर शिबिरे उभारली. त्यांनाही हत्यारे हवी होती, हत्यारांना पैसा हवा होता, आणि जानेवारीत उमरीची बँक लुटली गेली ती त्यासाठीच. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. जालन्याच्या बंदोबस्तासाठी एक तुकडी मागे ठेवून उरलेली फौज लातूर आणि मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे गेली. १७ तारखेला सारे संपले.

सारे संपले, असे आपल्या स्मरणग्रंथांत म्हणतात. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस संस्थानात फिरून दिलेला अहवाल वेगळे सांगतो. मुसलमानांच्या हत्यांचा समितीचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता आणि मराठवाड्याचे जिल्हे सर्वाधिक होरपळलेल्यांत होते. हत्यारांविषयी त्या अहवालात एक निरीक्षण आहे. फौजेने मुसलमानांकडून शस्त्रे काढून घेतली. हिंदूंची शस्त्रे पुष्कळ ठिकाणी तशीच राहू दिली. हा अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. काल रझाकाराच्या बंदुकीपुढे जो असहाय होता आणि आज ज्याची काठीही काढून घेतली गेली, त्या दोघांच्या गोष्टी आपण एकत्र वाचल्या पाहिजेत. मराठवाड्याच्या साहित्याने पहिली गोष्ट लिहिली, दुसरी क्वचितच.

याच वेळी दिल्लीत घटना समितीपुढे मूलभूत हक्कांचा मसुदा होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. काँग्रेसने हा हक्क वर्षानुवर्षे मागितला होता, हे आंबेडकरांनी अमान्य केले नाही. पण परकीय सरकारकडे मागितलेली गोष्ट स्वतःच्या राज्यात मूलभूत हक्क म्हणून प्रत्येकाला, गुन्हेगारालाही, देता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेने १७९१ मध्ये ज्या दिशेने पाऊल टाकले त्याच्या नेमकी उलट ही दिशा. मला आंबेडकरांचे म्हणणे पटते, कारण ज्या गावात काही घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या सत्ता आणि जमीन आहे तिथे सर्वांना दिलेला हक्क प्रत्यक्षात त्याच घरांच्या दिवाणखान्यात जाऊन टांगला जातो.

१९५९ च्या कायद्याने, जो १९६२ मध्ये अमलात आला, जुन्याचा जाच बराच कमी केला. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची त्यात स्पष्ट तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना हत्यारांच्या प्रकरणात आपल्याकडे असा मूलभूत हक्क नाही, याची पुन्हा आठवण दिली. पण देशभर एकच नियम आहे असेही नाही. कोडगूच्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांपासून मिळालेली परवान्यातील सूट केंद्राने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांनी वाढवली. म्हणजे हात पाहून निर्णय घेण्याची रीत पुरती गेलेली नाही.

निवडणुकीच्या नोटिशीबाबत मात्र बागायतदारांची बाजू बळकट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरसकट हत्यारे जमा करवून घेणे अमान्य केले. प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार व्हावा अशी अपेक्षा ठेवली. हे त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. "ठाण्यात हे कोण सांगणार?" म्हणाले. मग मी विचारले, की गावात अर्ज केलेला दुसरा कोणी आहे का, आणि असल्यास कोणत्या घरातला. त्यांनी तीन नावे घेतली. तिन्ही त्यांच्याच भावकीतली होती.