भीमामाईची हद्द



आपण पंढरीला येतो, चंद्रभागेत स्नान करतो. पण ही माय येते कुठून आणि जाते कुठं? उगम भीमाशंकरी, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ, पण माय तिकडं वळली नाही. आपलं पठार पूर्वेकडं कललेलं, म्हणून तीही पूर्वेला निघाली. पंढरीत चंद्रकोरीसारखी वळली, म्हणून चंद्रभागा. पुढं काही अंतर तीच महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द होते, मग कानडी मुलुखात शिरते आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते.

आता बघा. डोंगर माणसं वेगळी करतो. सह्याद्री मधे उभा राहिला म्हणून कोकण निराळं, देश निराळा. तिकडं भात, इकडं भाकरी. पण आपल्या सोलापूर आणि विजापूरच्या मधे आहे का असा डोंगर? नाही. सह्याद्रीनं पाऊस अडवला, त्यामुळं दोन्हीकडं अवर्षण. जमीन दोन्हीकडं काळी, म्हणून पीक दोन्हीकडं ज्वारी. आपण भाकरी म्हणतो, ते रोट्टी म्हणतात. आपलं तूप, त्यांचं तुप्प. अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरांत!

जमीन अशी सलग असली की राजांच्या हद्दी सरकतच राहतात. पांडुरंगाच्या देवळातच साक्ष आहे. इ. स. १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख तिथं आहे, तोही संस्कृत-कानडीत. आणि पुढं १२७३ पासूनचा चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, तो रामदेवराव यादवाच्या काळातला. होयसळ आणि यादव रणांगणात एकमेकांचे वैरी. पण देवाच्या दारी दोघांनीही हात जोडले.

आणि देव? त्याला माउलींनीच कानडा म्हटलं. पुरंदरदासांनी आपल्या कानडी पदांत विठ्ठलाचीच मुद्रा घातली. उलट आपला गुरुचरित्र ग्रंथ बघा. घराघरांत त्याचं मराठी पारायण होतं, पण लिहिणारे सरस्वती गंगाधर मूळचे कानडी भाषेचे, आणि त्यातलं गाणगापूर याच भीमेच्या काठी, कर्नाटकात. कोण कोणाचा पाहुणा, सांगा!

मग १९५६ साली भाषेवर राज्यं झाली. राज्यकारभाराला रेघ लागते, ती ओढली. पण सलग शेतातून रेघ ओढली की कुणाचं तरी घर पलीकडं राहतंच. त्याचं दुःख खरं आहे. तो वाद सर्वोच्च न्यायालयापुढं आहे. निवाडा करणारा मी कीर्तनकार कोण?

पण माझ्या एका चुकीचा निवाडा मला करता येतो. एका आषाढीला मी कीर्तनाला उभा होतो. सीमेवर वातावरण तापलेलं. पुढं एक अज्जी बसली होती, इंडीकडची, मराठी जेमतेम. एकजण म्हणाला, ‘‘तुमच्या कर्नाटकात जा, इथं तुम्हाला काय कळणार?’’ अज्जी निमूट उठली, मागं खांबाशी जाऊन बसली. मी ऐकलं, मंडळी, आणि टाळ वाजवत राहिलो. ताल चुकू नये म्हणून गप्प बसलो, आणि धर्म चुकला.

आरतीनंतर तीच माझ्याजवळ आली. फडक्यात बांधलेली कडक रोट्टी माझ्या हातावर ठेवली आणि ‘‘विठ्ठला’’ एवढंच म्हणाली. मी घास घेतला. माझ्या आईच्या हातची चव! माझ्या डोळ्यांना धार लागली. तिला शब्द कळले नसतील, पण कीर्तन तिलाच कळलं होतं.

तेव्हापासून माझा नेम आहे. कानडी वारकरी दिसला की त्याला हात धरून पुढं बसवायचं. तुम्हीही एवढं करा. हद्द कागदावर असू द्या, पंगतीत आणू नका. भीमामाई दोन्ही काठांना पाणी पाजते, कोणाला भाषा विचारत नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!