पाण्याची सुतळी

दर उन्हाळ्यात काकांच्या विहिरीवरची मोटर एक टप्पा खाली उतरवावी लागायची. पाणी पंचवीस-तीस फूट खाली गेलं की ती नुसती घुरघुरायची, थेंब उचलायची नाही. एका वर्षी मेकॅनिक बोलावला. त्यानं फुटबॉल पाहिला (फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे हेच म्हणतात), ग्लँडची दोरी चाचपली आणि हात पुसत म्हणाला, “काका, मोटरला काही झालेलं नाही. पाणी खाली गेलंय.”

हाच प्रसंग पुढे 1638 साली हॉलंडमधल्या लायडनला छापलेल्या एका पुस्तकात भेटला आणि मी उडालोच. पुस्तक गॅलिलिओचं, ‘दोन नव्या विज्ञानां’वरच्या संवादांचं. त्यातला साग्रेडो सांगतो, की टाक्यातलं पाणी खाली गेलं तसा पंप बंद पडला, मी कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, दोष पंपाचा नाही. पंप लहान असो की मोठा, अठरा ‘ब्राच्चो’च्या वर पाणी केसभरही चढणार नाही. ब्राच्चो म्हणजे फ्लोरेन्सचा हात, सुमारे 58 सेंटिमीटरचा. म्हणजे साडेदहा मीटर.

पुढे साग्रेडो स्वतःलाच बोल लावतो. वरच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवलेला दोर पुरेसा लांब असेल, तर तो स्वतःच्याच भारानं तुटतो, हे मला ठाऊक होतं. मग पाण्याचा खांबही तसाच तुटेल, हे कसं सुचलं नाही? म्हणजे पंपाच्या नळीत पाण्याचा दोर लोंबतो आहे, तो ताणला जातो, अठरा हातांवर तुटतो, आणि तुटतो तिथे पोकळी. या दोराची जी कुळकथा मी पुढे सांगतो आहे, ती सगळी या एका वाक्यावर उभी आहे. निर्वात पोकळी आणि स्वतःच्याच वजनानं ताणलं जाऊन तुटणं, ही दोन कोडी इथे एकाच दोराला बांधलेली आहेत.

गॅलिलिओ तिथे थांबत नाही. पोकळीची ‘ताकद’ मोजायला तो एक नळकांडं कल्पितो. आत पाणी, हवेचा बुडबुडा नाही, तोंडाला घट्ट दट्ट्या. नळकांडं उलटं टांगायचं, दट्ट्याच्या आकड्याला भांडं अडकवायचं आणि दट्ट्या पाण्यापासून सुटेपर्यंत त्यात वाळू ओतत राहायचं. मग तांबं. त्याच्या हिशेबानं तांब्याची तार 4801 हात लांब झाली की स्वभारानं तुटेल, म्हणजे जवळजवळ 2.8 किलोमीटरवर. आजचे आकडे घेऊन मी हिशेब केला, तर साध्या तांब्याला अडीच किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. माणूस नजरकैदेत, आणि उत्तर इतकं जवळ! त्यातही गंमत अशी, की तांबं पाण्याच्या नऊपट जड, म्हणून त्या 4801 हातांपैकी पोकळीच्या वाट्याला फक्त दोन हात येतात. बाकीचं कोण धरून ठेवतं? तर कणाकणांमधल्या अतिसूक्ष्म पोकळ्या, असं तो ठोकून देतो.

आता प्रतिपक्ष. जेनोआच्या बालियानीनं 1630 मध्येच गॅलिलिओला लिहिलं होतं, की सुमारे वीस मीटर उंच टेकडीवरून नेलेली वक्रनलिका चालत नाही. गॅलिलिओनं उत्तरात दोरच पुढे केला. बालियानीनं उलट सुचवलं, की हे हवेच्या वजनामुळे असेल. बालियानी बरोबर होता. आणि हवेला वजन असतं, ती पाण्याच्या सुमारे चारशेपट हलकी, हे गॅलिलिओ त्याच पुस्तकात, संवादाच्या त्याच पहिल्या दिवशी सांगतो! (खरा आकडा आठशेच्या घरातला.) दोन गोष्टी एका घरात राहिल्या आणि त्यांची ओळखच झाली नाही. पुढचं सर्वश्रुत आहे. 1644 मध्ये तोरिचेल्लीचा पारा, 1648 मध्ये पास्कालच्या मेहुण्यानं डोंगरावर नेलेली नळी, मग हवा काढलेले दोन अर्धगोल ओढणारे गेरिकेचे घोडे. दोर हरला.

पण पुरता नाही. 1850 मध्ये बर्थेलोनं काचेच्या बंद नळीत पाणी खरोखर ताणून दाखवलं. 1894 मध्ये डिक्सन आणि जोली यांनी मांडलं, की उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी ओढलं जातं ते अशाच ताणलेल्या, अखंड धाग्यानं. शंभर मीटरच्या रेडवूडला दहा मीटरची मर्यादा लागू होत नाही, कारण तिथे पाणी सहसा पोकळी होऊ देत नाही. माझ्या मते ही गॅलिलिओची उशिरा लागलेली अपिलाची तारीख.

आता या दोराचं सर्वांत दूरचं टोक, कृष्णविवर. त्याच्याकडे पाय खाली करून पडणारा माणूस डोक्यापेक्षा पायांकडून जास्त ओढला जातो. कोणी आक्षेप घेईल, की गॅलिलिओचा दोर वर बांधलेला होता, इथे वर धरतो कोण? कोणी नाही. पण पडणाऱ्याच्या मध्यापासून पाहा: खालचा अर्धा भाग खाली लोंबतो, वरचा अर्धा वर ‘लोंबतो’. मधोमध टांगलेले दोन दोरच ते. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या विवराच्या काठाशी डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीतला फरक पृथ्वीच्या ओढीच्या कोटीहून अधिक पट असतो. आकाशगंगेच्या मध्यावरच्या चाळीस लाख सूर्यांच्या विवराच्या काठावर मात्र तो जाणवणारही नाही. दोर आत गेल्यावर तुटेल.

या ताणाला इंग्रजीत ‘स्पॅगेटिफिकेशन’ म्हणतात. श्रेय बहुतेकदा हॉकिंगना जातं, त्यांच्या 1988 च्या पुस्तकात अंतराळवीर स्पॅगेटीसारखा ताणला जातो म्हणून. पण नायजेल काल्डर या विज्ञानलेखकाच्या 1977 च्या पुस्तकात हा शब्द आधीच आहे. मला रस आहे तो त्याच्याही मागच्या शब्दात. ‘स्पागेत्तो’ म्हणजे छोटा ‘स्पागो’, आणि स्पागो म्हणजे सुतळी! त्यामागे कोशकार उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘स्पाकुस’पर्यंत जातात आणि तिथे हात टेकतात. आपल्या ‘पाशा’शी नातं जोडायचा मला मोह होतो, पण त्याची लॅटिन भावंडं वेगळी आहेत, त्यांत सुरुवातीचा ‘स’ नाही. मोह आवरला.

इंग्रजी लेखकांना ताटातली शेवईच दिसत होती, सुतळी नव्हे, हे मी मान्य करतो. गॅलिलिओपासून काल्डरपर्यंत कागदोपत्री धागा नाही. तरी इटलीतून दोर निघाला आणि साडेतीनशे वर्षांनी इटलीच्याच स्वयंपाकघरातून सुतळी होऊन परत आला, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. म्हणून मराठीत कोणी ‘शेवयीकरण’ म्हटलं की मी ‘सुतळीकरण’ सुचवतो. कोणी ऐकत नाही. आमच्या आजीनं तर दोन्ही शब्द उडवून लावले असते. काठीवर वाळत घातलेली शेवई फार लांब झाली की मधूनच सुटून खाली पडायची, तेव्हा ती एवढंच म्हणायची, “वजन झालं तिला.”