बारकोडला मराठी येत नाही

सोलापूर-धुळे महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो. पुलावरून जाणाऱ्या ट्रकमधली बिस्किटं घ्या, साबण घ्या, औषधं घ्या, प्रत्येकाच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या रेघा. पाच रुपयांच्या पुड्याला ओळख आहे. मग गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांना का नको? लावा लेबलं, आणा स्कॅनर, झालं काम!

तर मंडळी, इतकं सोपं नाही ते. या वीकेंडला त्याचीच गोष्ट.

बारकोडचा जनक नॉर्मन जोसेफ वुडलंड. याला मोर्स कोड येत होता. मायामीच्या किनाऱ्यावर बसून त्याने वाळूत टिंबं आणि रेघा काढल्या, मग बोटांनी त्या खाली ओढल्या. जाड रेघ, बारीक रेघ. बस्स! बर्नार्ड सिल्व्हर या मित्राबरोबर त्याने १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९५२ साली पेटंट मिळालं. पण रेघा वाचायला स्वस्त लेझर नव्हता आणि नंबर शोधायला स्वस्त कॉम्प्युटर नव्हता. शेवटी २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं एक पाकीट दुकानाच्या काउंटरवर स्कॅन झालं. ग्रंथालयांनीही त्याच दशकात रेघा उचलल्या. त्यांचा आवडता प्रकार कोडाबार, १९७२ चा.

आता आपल्या धंद्यातली गंमत बघा. पुस्तकाच्या मागे छापलेला आयएसबीएनचा बारकोड म्हणजे क्लास. एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना तोच नंबर. वाचनालयाला हवा असतो ऑब्जेक्ट, म्हणजे कपाटातली ही एक प्रत, जी कुलकर्णी काकू घेऊन गेल्या आणि परत आली नाही ती! म्हणून प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक. शिवाय आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांवर तो असणार कुठून?

आणि मुख्य मुद्दा असा, की लेबलवर असतो फक्त नंबर. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट, यातलं त्या रेघांना काहीही ठाऊक नसतं. ते सगळं असतं यादीत. यादी नसेल तर बारकोड म्हणजे निव्वळ नक्षी.

आणि यादी करण्यात आपली माणसं कच्ची नव्हती हो! शहागड ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थ संप्रदायाची बाडं ठिकठिकाणच्या मठांत विखुरलेली होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी हिंडून ती गोळा केली आणि धुळ्याला आणली, म्हणजे याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले, असे हजारो रुमाल. त्यातून निवडून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. आणि शंकर गणेश दाते! १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४३ साली छापली, १९५० पर्यंतचा पुढचा भाग १९६१ साली. स्कॅनर नाही, सर्च नाही. आजही जुन्या पुस्तकाचा पत्ता लागत नसला की जाणकार म्हणतात, "दाते सूचीत बघा."

सूचीकाराची खरी डोकेदुखी कुठे असते? एका वहीत 'गो. स. सरदेसाई', दुसरीत 'गोविंद सखाराम सरदेसाई', तिसरीत नुसतं 'रियासतकार'. तीन नोंदी, माणूस एक. स्कॅनर तिन्ही वेळा आनंदाने 'बीप' करतो. हे तिघे एकच आहेत हे माणसालाच सांगावं लागतं. त्यात जुन्या फाँटमध्ये केलेली डेटा एंट्री. यादी वर्षभर खपून टाइप केलेली असते, आणि तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की 'ज्ञानेश्वरी'च्या जागी ठिपके आणि डॉलरची चिन्हं!

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी शासनमान्य वाचनालयं उभी राहिली, अ, ब, क, ड अशा वर्गांची. त्यातल्या छोट्यांकडे बहुतेक वेळा एक दाखल नोंदवही आणि ती तोंडपाठ असलेले एक ग्रंथपाल असतात. वही वाळवीने खाल्ली आणि ग्रंथपाल निवृत्त झाले, की कपाटात उरतात नुसती पुस्तकं. कुठलं किती दुर्मीळ, कोणी दिलं, कधी आलं, सगळं पुसलं जातं. धोका हा आहे.

तेव्हा दिवाळीत गावी जाऊन "वाचनालय डिजिटल करू या" असा उत्साह आला (येतोच!), तर स्कॅनर शेवटी विकत घ्या. आधी दाखल नोंदवहीचे फोटो काढा. मग ग्रंथपालांना शेजारी बसवून युनिकोडमध्ये यादी टाइप करा. लेखकाचं नाव लिहायची एकच पद्धत ठरवा. 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० च्या सुरुवातीला, वायटूकेच्या धास्तीतून जन्मलेलं. लेबलं सर्वांत शेवटी. पोथीला किंवा जुन्या पुस्तकाला डिंक लावू नका, लेबल वेष्टनावर लावा. आणि आत पेन्सिलीने दाखल क्रमांक लिहा.

वीज गेली तरी तो वाचता येतो.