हिवताप, औषध आणि रक्त

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीचा डोंगराळ मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात मोडत; जवळच केस्लापूरला पौष अमावास्येस गोंडांच्या नागोबाची जत्रा भरते. गोंड व कोलाम यांच्या या रानात हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकला होता. त्यावरील औषधांचा इतिहास मात्र केवळ उपकारांचा नाही.

सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी कोयनेल वेगळे काढले. कोयनेलाने ताप उतरे; पण कानांत नाद घुमे, भोवळ येई, ऐकू कमी येई. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मेपाक्रीन दिले, त्याने कातडी पिवळी पडे. हे त्रास औषध थांबताच बहुधा ओसरत.

खरे कोडे पुढेच होते. यकृतात दडून हिवताप पुन्हा उलटविणारे जंतू कोयनेलाने मरत नसत. ते काम जर्मनीत निघालेल्या पामाक्विनने आणि पुढे कोरियातील युद्धाच्या वेळी प्रायमाक्विनने केले. परंतु काही माणसांची लघवी काळसर होई, डोळे पिवळे पडत, अंगातले रक्त झपाट्याने घटे. औषध तेच, मात्राही तीच. आणि शेजारचा रुग्ण ठणठणीत! १९५६ मध्ये कार्सन, आल्व्हिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले. (या संशोधनासाठी अमेरिकेतील स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाले होते, हेही विसरता येत नाही.) या माणसांच्या तांबड्या पेशींत 'जी-सिक्स-पीडी' नावाचे विकर कमी असते, औषधाचा मारा न सोसून त्या पेशी फुटतात. दोष आईकडून येतो व बहुधा मुलग्यांत प्रकटतो.

विलक्षण गोष्ट अशी की, जेथे हिवतापाचा वावर जुना, तेथेच हा दोष अधिक आढळतो. अशा पेशींत हिवतापाचे जंतू नीट पोसले जात नाहीत, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या वारशाने पूर्वज तगले असावेत, तोच वारसा वंशजाला औषध घेताना नडतो. भारतातील अनेक आदिवासी जमातींत त्याचे प्रमाण इतरांहून जास्त आहे.

'व्हायवॅक्स' जातीच्या हिवतापावर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायचे असते. गोळ्या देऊन आरोग्यसेवक पुढच्या वस्तीला गेला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीचा रंग पाहणार कोण? म्हणून गोंडीत, मराठीत वा तेलुगूत, रुग्णाला कळेल त्या भाषेत, आधीच सांगून ठेवावे लागते : लघवी काळी दिसली तर गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा. शक्य तेथे आधी रक्त तपासतात. गरोदर स्त्रियांना व तान्ह्या मुलांना ही गोळी देतच नाहीत.