वळ न उठणारा छळ : १९३९ चा मुस्लिम विवाह-विच्छेद अधिनियम आणि न्यायालयीन व्यवहार

प्रास्ताविक

कौटुंबिक हिंसाचाराच्या चर्चेत अलीकडे 'नियंत्रण' हा शब्द वारंवार येतो. पतीने पत्नीवर हात उगारला नाही, पण तिचा पैसा, तिचे येणे-जाणे, तिचे माहेर, तिचे शिक्षण हे सर्व आपल्या मुठीत ठेवले, तर त्यास हिंसाचार म्हणावे काय, असा हा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या गंभीर गुन्हे अधिनियमाच्या कलम ७६ ने अशा सततच्या नियंत्रक व जबरदस्तीच्या वागणुकीस स्वतंत्र गुन्हा ठरविले. तेव्हापासून ही कल्पना पाश्चात्त्य कायद्याची देणगी आहे, असा समज आपल्या महाविद्यालयांतूनही आढळतो.

हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मारहाणीशिवायचा छळ हा छळच होय, हे तत्त्व भारतीय मुस्लिम स्त्रीसाठी १९३९ सालीच कायद्यात लिहिले गेले होते. उणीव राहिली ती कायद्याच्या शब्दांत नव्हे, ते शब्द न्यायालयापर्यंत पोहोचविण्याच्या व्यवहारात, असे या लेखकाचे मत आहे.

सुरतेचे निकाहनामे

या इतिहासाचा एक जुना धागा वडोद्याहून फार दूर नसलेल्या सुरत बंदरात सापडतो. सतराव्या शतकातील सुरतेचे काही फारसी निकाहनामे आज उपलब्ध असून प्रा. शिरीन मूसवी यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्यांत पतीवर घातलेल्या अटी पुन्हापुन्हा येतात. पहिली पत्नी असताना दुसरा निकाह करू नये, दासी ठेवू नये, खर्चाची तजवीज न करता दीर्घकाळ परागंदा होऊ नये आणि अंगावर खुणा उठतील अशी मारहाण करू नये, अशा स्वरूपाच्या त्या अटी आहेत. अट मोडल्यास पत्नीस विवाहबंधनातून मुक्त होण्याचा अधिकार मिळे. फिकहच्या परिभाषेत यास 'तफवीज' म्हणजे तलाकच्या अधिकाराचे प्रदान म्हणतात.

व्यापारी समाजातील वधूपक्ष आपल्या मुलीच्या सुरक्षेची लेखी तरतूद करीत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मात्र त्या लेखी अटीलाही मर्यादा होती. पुरावा म्हणून तिला अंगावरचा वळ लागत होता. जिचा छळ वळ उठू न देता होत असे, तिच्या हाती या कागदाने फारसे काही दिले नव्हते.

१८६७ चा निवाडा : एक संसार, दोन दावे

इंग्रजी अमदानीत या विषयावरील पायाभूत निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये दिला. मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या नावाने तो ओळखला जातो. बेगमसाहेबांची संपत्ती कंपनी सरकारच्या रोख्यांत होती आणि ते रोखे पतीच्या ताब्यात गेले होते. त्यांनी घर सोडले व रोख्यांसाठी दावा केला. पतीने आपल्या बाजूने वैवाहिक सहवास पुनःस्थापित करण्याचा दावा केला.

रोख्यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने पत्नीची बाजू उचलून धरली. पडदानशीन स्त्रीकडून पतीने मालमत्ता घेतली असेल, तर तो व्यवहार खरा व रास्त होता हे पतीने सिद्ध केले पाहिजे, असे तत्त्व त्यातून दृढ झाले. सहवासाच्या दाव्यात मात्र निराळी वाट धरली गेली. असा दावा मुस्लिम पतीस करता येतो, परंतु पत्नीस परत जाणे असुरक्षित ठरेल इतकी क्रूरता सिद्ध झाल्यास न्यायालय हुकूम नाकारू शकते, असे ठरले.

म्हणजे एकाच संसारातील दोन गोष्टी दोन फायलींत विभागल्या गेल्या. पैसा बळकावणे हा मालमत्तेचा वाद ठरला आणि क्रूरतेचे माप शरीराच्या सुरक्षिततेवर ठेवले गेले. ज्या पुरुषाच्या हाती रोखे होते त्याच्याच हाती त्या स्त्रीचे आयुष्यही होते, हे या विभागणीत पुरेसे दिसत नाही.

१९३९ पर्यंतची वाटचाल

हनफी फिकहनुसार चालणाऱ्या बहुसंख्य भारतीय मुस्लिम स्त्रियांपुढे याहून मोठी अडचण होती. पती छळतो वा पोसत नाही, एवढ्या कारणाने काजीने विवाह तोडावा, अशी सोय प्रचलित हनफी मतात जवळजवळ नव्हती. परिणामी, विशेषतः पंजाबात, काही स्त्रिया केवळ सुटकेसाठी धर्मत्याग जाहीर करू लागल्या. अल्लामा इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत या दुःखद परिस्थितीकडे लक्ष वेधले होते.

यावर उत्तर आले ते उलेमांकडूनच. मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी 'अल-हीलतुन-नाजिझा' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी हिजाजमधील मालिकी मुफ्तींची मते मागविली गेली. 'जरर' म्हणजे अपाय सिद्ध झाल्यास मालिकी मतानुसार काजी विवाह तोडू शकतो. निकडीच्या प्रसंगी हनफींनी हे मत स्वीकारण्यास हरकत नाही, अशी मांडणी करण्यात आली. पुढे काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी १९३६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले आणि १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाह-विच्छेद अधिनियम अस्तित्वात आला. असे खटले मुस्लिम न्यायाधीशांपुढेच चालावेत ही उलेमांची मागणी मान्य झाली नाही, त्यामुळे त्यांच्यात नाराजीही राहिली.

मूळ कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर या संस्थानांतील स्त्रीस त्याचा थेट लाभ नव्हता. त्या प्रदेशांत त्याची व्याप्ती स्वातंत्र्यानंतर, १९५९ च्या विस्तार अधिनियमाने पूर्ण झाली. म्हणून आपल्या भागातील जुन्या कुटुंबांच्या आठवणींत हा कायदा उशिरा दिसतो, याचे नवल वाटू नये.

कलम २ मधील क्रूरतेची व्याख्या

या अधिनियमाच्या कलम २ च्या आठव्या खंडात क्रूरतेची सहा रूपे दिली आहेत. पहिल्यात नेहमीच्या मारहाणीबरोबरच, शारीरिक छळ या सदरात न बसणाऱ्या पण पत्नीचे जीवन असह्य करणाऱ्या वागणुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरे व तिसरे रूप पतीच्या बदनाम जीवनाविषयी व पत्नीस अनैतिक जीवनाकडे ढकलण्याविषयी आहे. चौथे असे की, पती तिची मालमत्ता परस्पर विकतो अथवा त्या मालमत्तेवरील तिचे कायदेशीर हक्क तिला बजावू देत नाही. पाचवे, तो तिच्या धर्माचरणात अडथळा आणतो. सहावे, एकाहून अधिक पत्नी असताना तो कुरआनच्या आदेशाप्रमाणे तिला समान वागणूक देत नाही.

चौथे रूप वाचताना शमसुन्निसा बेगमचे रोखे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८६७ मध्ये जो वाद मालमत्तेच्या फायलीत गेला, तो १९३९ मध्ये क्रूरतेच्या व्याख्येत आला. पैसा, धर्माचरण आणि मनःशांती या तिन्ही ठिकाणी होणारी मुस्कटदाबी एका खंडात आणणारी ही तरतूद आजही लागू आहे.

भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये आलेले कलम ४९८-अ याच्याशी ताडून पाहावे. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. तेथे आत्महत्येस प्रवृत्त करील वा शारीरिक-मानसिक आरोग्यास गंभीर इजा करील असे वर्तन, अथवा मालमत्तेच्या मागणीसाठी होणारा छळ सिद्ध करावा लागतो. फौजदारी कायद्याचा उंबरठा स्वाभाविकच उंच आहे. १९३९ चा दिवाणी उंबरठा त्यामानाने स्त्रीच्या आवाक्यातला आहे.

न्यायालयातील वाट

कलमाचा अर्थ न्यायालयांनी पुढे उदारपणे लावला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या इतवारी विरुद्ध असगरी या निवाड्यात (वृत्तांत १९६०) पतीने दुसरा विवाह केला होता आणि पहिल्या पत्नीने पोटगी मागताच सहवासाचा दावा केला होता. न्या. धवन यांनी क्रूरतेचे माप बदलत्या समाजस्थितीवरून ठरवावे असे म्हटले. दुसरा विवाह हा पहिलीचा अवमान व क्रूरता नाही, हे पटवून देण्याचा भार पतीवर टाकला. सहवासाचा दावा स्वतःच दबावाचे हत्यार बनू शकतो, हे या निवाड्यातून पुढे आले.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात असलेला, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध अधिनियम. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक असे चार प्रकार सांगितले आहेत. कलम ३६ प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे आणि कलम २६ प्रमाणे त्यातील दिलासा कौटुंबिक वा दिवाणी न्यायालयात चालू असलेल्या कामकाजातही मागता येतो. मुस्लिम स्त्रीस १९३९ चा दावा व २००५ चे संरक्षण यांत एकाची निवड करावी लागत नाही.

मग अडते कुठे? या लेखकाचा एक अनुभव येथे नोंदवितो. काही वर्षांपूर्वी प्रौढ विद्यार्थिनींच्या वर्गातील एक बाई आपला उर्दू निकाहनामा व स्वतः लिहिलेली कैफियत मराठीत करून घेण्यास आल्या. कैफियत चौदा पानांची होती. बँकेचे पासबुक पतीकडे, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका कुलपात, आईला फोन करायचा तो पतीसमोर, परीक्षेच्या दिवशी घराला बाहेरून कडी. वकिलांनी विचारले होते, "मारतो का?" बाई म्हणाल्या, "नाही." अर्जात त्या चौदा पानांचे एकच वाक्य झाले होते : 'प्रतिवादीने अर्जदारास मानसिक त्रास दिला.'

त्या कैफियतीत 'ईझा' हा शब्द अनेकदा आला होता. मराठीत तोच शब्द 'इजा' होऊन आला आहे, पण येताना त्याचा अर्थ आकसला. उर्दूत मनाला दिलेली यातनाही ईझाच असते. मराठीत इजा म्हटले की रक्त वा मुका मार डोळ्यांपुढे येतो. मी 'इजा' लिहिले असते तर न्यायालयाने वैद्यकीय दाखला मागितला असता. मी 'छळ' लिहिले आणि प्रत्येक प्रसंगापुढे तारीख मागितली. पासबुकातील पैसे काढल्याच्या नोंदी चौथ्या उपखंडाशी जुळत होत्या. परीक्षेतील गैरहजेरी महाविद्यालयाच्या नोंदवहीत होती. त्याच आधाराने अर्ज पुन्हा लिहिला गेला.

समारोप

सुरतेच्या निकाहनाम्यातील वळापासून १९३९ च्या 'शारीरिक छळ नसला तरी' या शब्दांपर्यंत येण्यास सुमारे तीनशे वर्षे लागली. या वाटचालीत वधूपक्षाची दूरदृष्टी, एका बेगमेचा निर्धार आणि फिकहच्या चौकटीत राहून वाट शोधणारे उलेमा या सर्वांचा वाटा आहे. ही परंपरा आपलीच आहे, हे विद्यार्थिनींना सांगितले पाहिजे.

त्याबरोबर शिक्षकांच्या हाती असलेल्या एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. नियंत्रणाच्या छळाला साक्षीदार क्वचितच असतात, परंतु त्याच्या खुणा कागदावर उमटतात. त्या हजेरीपटात, न भरलेल्या परीक्षा-अर्जात, शिष्यवृत्तीच्या खात्यात सापडतात. एखादी विद्यार्थिनी एकाएकी वर्गात येईनाशी होते तेव्हा आपण तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतो. ती खूण तारखेसह नीट जपावी आणि शक्य तेव्हा तिला कारण विचारावे. पुढे कधी न्यायालयात तिला "मारतो का?" असे विचारले गेले, तर नाही म्हटल्यानंतरही सांगण्यासारखे काही तिच्या हाती असेल.